दहाव्याचा माईक

दशक्रियेला जमलेली माणसं भाषण सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी रडतात, हे मला विचारलं तर मी सांगू शकतो. साडेतीन ते पाच. त्याआधी रडतात ती घरची. त्यांना भाषण लागत नाही. पाच मिनिटांत रडली नाहीत तर मग रडतच नाहीत. घड्याळं बघतात, आणि पलीकडे आमटीला उकळी फुटल्याचा वास आला की चपला शोधू लागतात.

मी भोर तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. नोकरीची चार वर्षं उरलीत. पण गेली बावीस वर्षं शाळा भरण्याआधी, सकाळी सात ते दहा, मी आणखी एक काम केलं : दहाव्याला माईक सांभाळण्याचं. ते काम मी यंदा सोडलं. का सोडलं, असं निम्मा तालुका विचारतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन दमलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

शहरातल्या वाचकांना हे काम ठाऊक नसेल. आमच्याकडे माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी नदीकाठी विधी असतो. मुलं मुंडण करून बसतात, प्रवचन होतं, पिंड ठेवले जातात आणि कावळा शिवायची वाट बघतात. या सगळ्यात श्रद्धांजलीची भाषणं असतात. गावचे सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पाहुण्यांकडचे कुणी, आणि जवळपास निवडणूक असली तर कुणीही. या सगळ्यांना क्रमानं बोलावणारा, मधल्या जागा भरणारा आणि शेवटी घराच्या वतीनं बोलणारा एक माणूस लागतो. तो मी. मोबदला म्हणून नारळ आणि टॉवेल-टोपी. बावीस वर्षांत आमच्या घरात टॉवेल विकत आणलेला नाही.

मला हे काम मिळालं ते आवाजामुळे, आणि टिकलं ते वहीमुळे. आदल्या संध्याकाळी घरच्या कर्त्या माणसाला फोन करून मी माहिती घ्यायचो. नाव, वय, मुलं किती, नातवंडं किती, मुली किती आणि कुठं दिल्या. आकडा दोनदा विचारायचा. माईकवरून 'नऊ नातवंडं' म्हटलं आणि दहावं समोर बसलेलं असलं, तर त्या पोराच्या आईचा चेहरा बघवत नाही. माझा आकडा कधी चुकला नाही. याचा मला अभिमान होता.

रडवायचं कसं, हे मी हळूहळू शिकलो. 'मायेचा सागर आटला' म्हटल्यानं कुणी रडत नाही. 'मिश्रीची डबी अजून कोनाड्यात आहे' म्हटलं, की बायकांच्या बाजूनं पदर डोळ्याला जातात. म्हणजे एक वस्तू लागते, हाताला लागणारी. ती सांगितली की थांबायचं. मनात सहापर्यंत आकडे मोजायचे, त्याआधी तोंड उघडायचं नाही. आणि शेवटी प्रश्न विचारायचा. गेलेल्याला नव्हे, तो उत्तर देत नाही. समोर बसलेल्या जिवंत माणसाला, नाव घेऊन. 'आता दारू सोडाल ना, अमुकराव?' 'दोघे भाऊ पुन्हा एका ताटात जेवाल ना?' हा प्रश्न कधी वाया जात नाही, कारण त्या क्षणी नाही म्हणायची कुणाची छाती नसते. माझ्या प्रश्नानं तीन जणांनी दारू सोडली. त्यातल्या एकाची खरंच सुटली. दोन घरांतले बांधाचे तंटेही मिटले.

घरी आलो की बायको विचारायची, "आज किती?"

"सव्वाचार मिनिटं."

"मेलेल्या माणसाच्या घरी घड्याळ लावून बसता. लाज वाटू द्या जरा."

मला तेव्हा ती थट्टा वाटायची.

खरं म्हणजे आकड्यांवर विश्वास असलेल्या माणसाला या कामात एक गोष्ट फार आधी टोचायला हवी होती. आमच्याकडे एक पुढारी होते. एकेका सकाळी तीन-तीन दहावे करायचे. नसरापूरला सुरुवात, भोरला दुसरा, आणि दहाच्या आत गाडी वेल्ह्याच्या वाटेला. प्रत्येक ठिकाणी त्याच वाक्याला गळा भरून यायचा : "आज मी पोरका झालो." एकदा तिसऱ्या ठिकाणी ते म्हणाले, "अशी माउली पुन्हा होणे नाही."

मागून एक म्हातारा ओरडला, "ओ सायेब, आमचा पैलवान गेलाय! मिशावाला!"

पुढारी जरासुद्धा हलले नाहीत. रुमालानं डोळे टिपले आणि म्हणाले, "मिशा असल्या तरी काळीज माउलीचंच होतं."

आणि लोक रडले. मीही रुमाल काढला. मग घरी येऊन वहीत लिहिलं : माहिती पूर्ण चुकीची, परिणाम चार मिनिटांत. त्याखाली रेघ मारली आणि जेवायला बसलो.

वहीत आणखी एक नोंद होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. कावळ्यांची. कावळा शिवेना की लोक कासावीस होतात. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं म्हणतात आणि घरचे मोठ्यानं शब्द द्यायला लागतात : धाकट्याचं लग्न करू, म्हशीला विकणार नाही. मी बघत आलो होतो की कावळ्याला अडवतो तो बहुतेक वेळा कर्णा. लाउडस्पीकर चालू असेपर्यंत कावळे पलीकडच्या उंबरावर बसून राहतात. माईक बंद केला, माणसं चार पावलं मागं सरली, की पाच-सात मिनिटांत खाली उतरतात. दरवेळी नाही, पण दहात आठ वेळा.

आता ज्या दहाव्यासाठी हे लिहायला बसलो, तो सांगतो.

उत्रोलीच्या बाजूच्या एका गावात सरूआक्का नावाच्या म्हाताऱ्या बाई गेल्या. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. नवरा आधीच वारलेला. मागं एक मुलगा, दिनकरराव, गावातच भातशेती करणारा. त्याच्याशी माझी पंधरा वर्षांची ओळख. आणि एक मुलगी, कांताबाई, हिर्डोशीच्या वरच्या वाडीत दिलेली. आदल्या संध्याकाळी दिनकररावांनी फोनवर माहिती सांगितली आणि मी वहीत उतरवून घेतली. मुलगे एक, मुली एक, नातवंडं पाच. वस्तू म्हणून आक्कांचं इरलं मिळालं, पावसात पाठीवर घ्यायचं, बांबू आणि पानांचं. ऐंशी पार केल्यावरसुद्धा त्या भाताच्या आवणीच्या दिवसांत ते इरलं पाठीवर घेऊन बांधावर जाऊन बसायच्या.

सकाळी घाटावर चारशेच्या वर माणूस होता. भाषणं संपली, पिंड ठेवले, कावळा येईना. मी माईकवरून लोकांना शांत राहायला सांगत होतो, म्हणजे कावळ्यांना मीच अडवत होतो. दिनकररावांनी मोठ्यानं शब्द देऊन पाहिले. काही नाही. तेवढ्यात त्यांचे चुलते माझ्या कानाला लागले.

"सर, आक्काचा जीव जमिनीत गुतलाय. वाटण्या हुतील, घर फुटंल, ह्योच घोर हुता म्हातारीला. कांतीला इचारा की, हक्क सोडती का म्हून. तुमी इचारलं तर न्हाई म्हणायची न्हाई ती."

मी विचार केला नाही असं नाही. केला, आणि तो असा केला : घर एकत्र राहील, बहीणभावाचं प्रेम टिकेल, आणि आपण आणखी एक तंटा मिटवला असं होईल. मग माईक तोंडाशी धरला. इरल्याचं सांगितलं. ते आता खुंटीला कोरडं टांगलेलं आहे, म्हणालो. सहा आकडे मोजले. आणि विचारलं, "कांताबाई, आईनं चार महिने पावसात बसून राखलेलं ते रान तुमच्या दादाकडे एकसंध राहू द्याल ना? तिचा जीव मोकळा कराल ना?"

बायकांच्या घोळक्यात एक सावळी, वाळलेली बाई उभी राहिली. तिला मी त्या क्षणी पहिल्यांदा बघितलं. ती इकडंतिकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सोडला. दादाला सोडला समदा."

मी माईक बंद केला.

त्यानंतर काय होणार हे त्या घाटावर फक्त मला माहीत होतं. सहाव्या मिनिटाला कावळा उतरला. माणसांनी हात जोडले. चुलत्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन टॉवेल मिळाले.

पंधरा दिवसांनी स्टाफरूममध्ये चहा देताना आमचा शिपाई मारुती म्हणाला, "सर, आमच्या वाडीतल्या कांताबाईची खोली गेली तुमच्या भाषणानं."

"कसली खोली?"

"म्हंजे? तुमाला ठाव न्हाई?" तो कपबशी धरून तसाच उभा राहिला. मग त्यानं सांगितलं. कांताबाईच्या नवऱ्याचं, धोंडिबांचं, एक अंग लुळं पडलेलं. वाडीपर्यंत गाडी जात नाही. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीला बांबू बांधून चार गडी त्यांना रस्त्यापर्यंत उतरवतात. माहेरच्या घरामागं गावठाणातली दोन गुंठे मोकळी जागा आहे. तिथं दोन खोल्या बांधायच्या, म्हणजे भोरचा दवाखाना रिक्षाच्या वाटेवर येईल, असं कांताबाईनं आईशी बोलून ठेवलं होतं. आईनं हो म्हटलं होतं.

"शेताचं तिला काय बी नको हुतं, सर. तेवढी घरामागली जागा हवी हुती. आता समदंच सोडलं म्हणल्यावर त्यात ती बी आली."

मी त्या संध्याकाळी वही काढली. सरूआक्का. मुली : १. हिर्डोशी, वरची वाडी. माहिती बरोबर होती. बावीस वर्षांच्या वह्या चाळल्या. प्रत्येक पानावर मुलींपुढे आकडा आणि गाव. एकाही पानावर मुलीनं सांगितलेलं एक अक्षर नव्हतं. फोन कर्त्याला करायचा, आणि कर्ता म्हणजे मुलगा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी धरूनच चाललो होतो.

हक्कसोड पत्र अजून झालं नव्हतं. वारसनोंद व्हायला वेळ लागतो, तेवढी सवड होती. रविवारी मी एस.टी.नं हिर्डोशीला उतरलो आणि सव्वा तास चढून वाडीत गेलो. ओटीवर ती बांबूची खुर्ची होती. धोंडिबा आत झोपले होते. कांताबाई गोठ्यातून हात धूत आल्या.

"या सर. पाणी घ्या. लई चढ हाय, न्हाई?"

मी सरळ मुद्द्यावर आलो. कायद्यानं निम्मा हिस्सा तुमचा आहे. तोंडी शब्दानं तो जात नाही. सही केली नाही तर कुणी काही करू शकत नाही. निदान मागची जागा वगळून कागद करा. आणि कावळ्याचंही सांगितलं. माईक बंद केला म्हणून तो आला, तुमच्या शब्दानं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं, असं सांगितलं.

त्या खाली बघून हसल्या. "सर, कावळं म्या रोज हाकलते. मोठ्या आवाजाला ते येत न्हाईत, येवढं मला बी कळतं."

"मग हो का म्हणालात?"

"कावळ्याचं भ्या कुणाला हुतं? तुमी नाव घिऊन इचारलं आन् चारशे माणसं माज्याकडं वळली. त्यात माज्या जावा हुत्या, सोयरं हुतं. आई मेली त्या जाग्यावर मी जमिनीसाटी न्हाई म्हणू?"

"आता म्हणा. मी येतो बरोबर. दिनकररावांशी बोलतो."

"तुमी एकटं येणार," त्या म्हणाल्या. "शब्द दिला चारशे माणसांत. परत घ्यायला चारशे कुठनं गोळा करू? हे निम्म्या हिश्शाचं आन् कावळ्याचं तवा माईकवर सांगायचं हुतं, सर."

मी दिनकररावांकडेही गेलो. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "सर, तुमीच तर बोलला. तिनं राजीखुशीनं दिला. आता मदीच जागा वगळली तर लोक म्हणतील आईच्या दहाव्याचा शब्द मोडला." सगळीकडं माझंच भाषण माझ्या वाटेत आडवं येत होतं. पुढच्या महिन्यात कांताबाईंनी सही केली.

त्यानंतरही मी सहा-सात दहावे केले. नाही म्हणता आलं नाही, एवढंच त्याचं कारण. पण प्रश्न विचारणं बंद केलं. लोक म्हणायला लागले, सरांच्या आवाजात आता दम राहिला नाही.

वर्षभरानं, भादव्यात, मारुतीनं सांगितलं की धोंडिबा गेले. चौथ्या दिवशी मला फोन आला.

"सर, कांताबाई बोलते. दहाव्याला या."

"येतो. पण मी बोलत नाही हल्ली."

"बोला. पण ह्या टायमाला म्हायती माज्याकडनं घ्या. म्या सांगते तेवडं वाचायचं. आन् कर्णा आणायचा न्हाई."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. दोनदा विचारलं. धोंडिबांना खाली नेल्याची प्रत्येक खेप त्यांना महिन्यासकट पाठ होती.

वाडीखालच्या धरणाच्या पाण्याकाठी साठ-सत्तर माणूस असेल. रिपरिप होती. दिनकरराव मेहुण्याच्या दहाव्याला आले होते, पुढं बसले होते. मी उभा राहिलो आणि कागद वाचला. धोंडिबांचं वय, शेळ्या किती होत्या, एक अंग कधी गेलं. मग : "गेल्या वर्षी ज्येष्ठापासून यंदाच्या भादव्यापर्यंत त्यांना खुर्चीतून खाली रस्त्याकडे अकरा वेळा नेलं. उतरायला दीड तास, चढायला अडीच. पावसात सहा वेळा. दोन वेळा वाटेतून परत आणलं, कारण ओढ्याला पाणी होतं. दोन वेळा एस.टी. गेलेली होती. शेवटच्या वेळी नेलं नाही. ते म्हणाले, गड्यांना त्रास नको." ज्या चौघांनी खांदा दिला त्यांची नावं वाचली. कागद संपला. मी बसलो.

मी आकडे मोजले नाहीत, थांबलो नाही, कुणाला काही विचारलं नाही. पण समोर दिनकरराव दोन्ही हातांत तोंड धरून हुंदके देत होते. मग ते उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कांता, माजं चुकलं. घरामागली जागा तुजी. आईशपत तुजी. हितं सगळ्यांदेखत सांगतो."

माणसं हळहळली. कुणीतरी म्हणालं, "शाबास दिनकरराव, भाऊ असावा तर असा." मला हे सगळं ओळखीचं होतं. असल्या शब्दाची चव मी बावीस वर्षं घेतली होती.

कांताबाई जागच्या उठल्या नाहीत. पदर सावरून म्हणाल्या, "दादा, हितं कायबी बोलू नगंस. हितलं बोलणं रडण्यात गेलं. सुतक फिटलं की सोमवारी कचेरीत ये. आलास तर आलास."

मग त्या पिंडाकडं बघत बसल्या. कर्णा नव्हताच. कावळा लवकर आला.

सोमवारी मी किरकोळ रजा टाकली. भोरच्या नोंदणी कचेरीत दहा वाजता गेलो, तर कांताबाई बाकावर बसलेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. पहिल्या एस.टी.नं आल्या होत्या. अकरा वाजले. बारा वाजले. त्यांनी एकदाही दाराकडं पाहिलं नाही. मी दर पाच मिनिटांनी पाहत होतो. एक वाजायला वीस मिनिटं असताना दिनकरराव आले. मुलगा आणि सून येऊ देत नव्हते, एवढंच म्हणाले.

बक्षीसपत्राला साक्षीदार लागतात. एक मारुती झाला, एक मी. अधिकाऱ्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "लिहून देणार, लिहून घेणार, दोघांना ओळखता?"

"ओळखतो."

"किती वर्षं?"

"दिनकररावांना सोळा. बाईंना सव्वा वर्ष."

त्यांनी मान वर केली. "सख्खे बहीणभाऊ ना हे?"

"हो," मी म्हणालो. सही केली.

बाहेर आल्यावर कांताबाईंनी पावती घडी करून पिशवीत घातली. आता त्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहणार होत्या. ज्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, ते उरले नव्हते.

"कुणी रडलं न्हाई बगा आज," त्या म्हणाल्या.

"नाही."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि दीडची एस.टी. चुकू नये म्हणून स्टँडकडं भराभर चालू लागल्या.